चारपैकी तीन बाजू

माझा आवाज मोठा आहे, हे आधीच सांगून टाकतो. काम अंगावर आलं की तो आणखी मोठा होतो. बायको म्हणते, तुम्ही नांदेडहून लातूरला बोलता तेव्हा फोन कशाला लागतो, खिडकी उघडली तरी पुरे. बरीच वर्षं मी हे हसण्यावारी नेलं. त्या सोमवारपासून नेत नाही.

एका रुग्णालयातले कॉम्प्युटर सांभाळणं ही माझी नोकरी. रुग्णालयाच्या दोन शाखा आहेत, एक नांदेडला, एक लातूरला. कॅन्सरच्या पेशंटना किरणांचा उपचार देणारं मोठं मशीन लातूरला, आणि त्या मशीनच्या नोंदी ठेवणारा सर्व्हर नांदेडला. असं का, तर सर्व्हर आला तेव्हा लातूरच्या इमारतीत त्याच्यासाठी खोली तयार नव्हती, म्हणून तात्पुरता नांदेडला ठेवला. आपल्याकडची तात्पुरती सोय किती टिकते ते मी सांगायला नको.

किरणांच्या उपचाराला आमचे पेशंट शेक म्हणतात. पोटाच्या खालच्या भागाला शेक द्यायचा तर तो चार बाजूंनी देतात. पेशंट टेबलावर निजलेला असतो आणि मशीन त्याच्याभोवती फिरतं. वर, एका कुशीला, खाली, मग दुसऱ्या कुशीला थांबतं आणि प्रत्येक ठिकाणी थोडा वेळ गुणगुणतं. एक बाजू संपली की ‘ही बाजू झाली’ अशी नोंद सर्व्हरकडे जाते. पुढे काय द्यायचं ते मशीन त्या नोंदीवरूनच ठरवतं. नोंद नसेल तर मशीनच्या लेखी ती बाजू दिलीच गेलेली नाही, आणि ते ती पुन्हा द्यायला तयार असतं.

सर्व्हर म्हणजे नुसता लोखंडी डबा नव्हे. डब्याच्या आत सॉफ्टवेअरनं उभं केलेलं दुसरं एक मशीन असतं, त्याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. हे आतलं मशीन बंद न करता, चालत्या कामानिशी, एका डब्यातून दुसऱ्या डब्यात नेता येतं. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मी एखाद्या पोरासारखा टाळ्या पिटायचा बाकी होतो. पण त्यातला अवघड भाग डिस्कचा असतो. डिस्कवर सतत काहीतरी लिहिलं जात असतं. आपण एकीकडून नक्कल करत जायचं आणि दुसरीकडून नवं लिहिलं जात असतं, म्हणून स्क्रीनवर एक आकडा दिसतो, अजून न पोचलेल्या गोष्टींचा. मी त्याला ‘उरलेलं’ म्हणतो. उरलेलं शून्यावर आलं की शेवटचं पाऊल टाकायचं.

ते शेवटचं पाऊल मला अजून घाबरवतं. तान्हं मूल एका मांडीवरून दुसरीवर देताना घेणारीनं ‘घेतलं’ म्हटल्याशिवाय देणारी हात सोडत नाही. इथं नेमकं उलटं आहे. जुन्या मशीननं आधी थांबायचं, हातातलं लिहून पुरं करायचं, डिस्क सोडायची, आणि मग नव्यानं ती धरायची. दोघांनी एकाच वेळी धरली तर दोघंही आपापलं लिहायला लागतात, आणि खरं कोणतं ते नंतर कुणालाच सांगता येत नाही. मधला एक क्षण असा असतो की डिस्क कुणाच्याच हातात नसते.

हे काम रविवारी व्हायचं होतं, मशीन बंद असताना. पण शनिवारी नांदेडच्या डब्यातली जोडीची एक डिस्क मेली आणि उरलेली एकटी डिस्क रडत-कुढत नक्कल देऊ लागली. रविवार त्यातच गेला. सोमवारी सकाळी मी लातूरला नव्या डब्यासमोर होतो आणि नांदेडला जुन्या डब्यापाशी काका होते. काका टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेले, आमच्याकडे वीज, बॅटऱ्या, वायरी बघतात. कॉम्प्युटरचं त्यांना फार कळत नाही, पण सांगितलेलं अक्षर न अक्षर करतात. सकाळी त्यांनी फोनवर सांगितलं, “सायेब, तुमची डिस्क टकटक करून राहिली. आजचा दिस काढंल, उद्याचं माझ्याच्यानं सांगवत न्हाई.”

म्हणजे आजच हलवायचं होतं, आणि आजच पेशंट होते. दुपारी दीड ते दोन मशीन जेवणासाठी थांबतं, तेवढी अर्ध्या तासाची फट मी मागून घेतली. मशीन चालवणाऱ्या ताई शांत स्वभावाच्या, माझ्या अगदी उलट. साडेबारापासून त्या तीनदा विचारायला आल्या, की नक्की दीडलाच ना? की आधी? की मागंपुढं होईल? तिसऱ्यांदा मी कॉरिडॉरमध्ये, बाकावर बसलेल्या पेशंटच्या देखत, आवाज चढवला. “ताई, एक वाजल्यापासून मला कुणी फोन करायचा नाही, कुणी दार वाजवायचं नाही. माझं लक्ष हललं तर सगळं हलेल.”

ताई “बरं सर” म्हणाल्या आणि गेल्या.

एक वाजून वीस मिनिटांनी उरलेलं शून्यावर आलं. एरवी ते शून्यावर येतं आणि लगेच पुन्हा वर जातं, पण तेव्हा काही सेकंद ते शून्यावरच राहिलं. त्याच वेळी काकांनी फोनवर सांगितलं की टकटक वाढली. मला वाटलं, जेवायची वेळ झालीच आहे, मशीन मोकळं असणार. शेकाच्या खोलीच्या दारावर एक लाल दिवा आहे, आत किरणं चालू असली की तो लागतो. माझ्या खोलीचं दार उघडून दहा पावलं गेलो असतो तर दिसला असता. मी गेलो नाही. दहा मिनिटं आधीच बटण दाबलं.

नांदेडचं मशीन थांबायला लागलं. स्क्रीनवर ‘देत आहे’ असं आलं, आणि तिथंच अडकलं. मी दहापर्यंत मोजलं. मग काकांचा आवाज आला, “सायेब, लाइट गेली.”

“कुठली लाइट?”

“नांदेडची. सगळी. डबा बॅटरीवर हाय, फिकर करू नका. पर लाइनचा डबा मेला.”

नांदेड आणि लातूरला जोडणारी लाइन ज्या छोट्या डब्यातून येते, तो डबा दुसऱ्या खोलीत भिंतीवर होता. त्याला बॅटरी नव्हती. गेल्या वर्षी तो तिथं हलवला होता तो मीच, कारण सर्व्हरच्या खोलीत मला त्याची वायर पायात येत होती. काका तेव्हा म्हणाले होते की याला बॅटरीपासून दूर नेऊ नका. मी म्हटलं होतं, बघू.

तेवढ्यात दार वाजलं. मी उठून उघडलं आणि ओरडायला तोंड उघडलं ते तसंच राहिलं. ताई उभ्या होत्या आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

“सर, पेशंट टेबलावर होत्या. स्क्रीन गोठली.”

“टेबलावर? आत्ता? आणि मला सांगितलं का नाही?”

“तुम्ही फोन करू नका म्हणालात. दार पण वाजवू नका म्हणालात.” त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. विचारलं म्हणून त्यांनी सांगितलं. “जळकोटच्या मावशी आहेत. पाणी पिऊन बसल्या होत्या, त्यांना थांबवता येत नाही. दीडच्या आत होईल म्हणून सव्वाला घेतलं.”

हा शेक घेताना मूत्राशय भरलेलं लागतं, म्हणजे आतडी वर सरकतात आणि किरणांच्या वाटेतून बाजूला राहतात. म्हणून पेशंटनं तासभर आधी पाच-सहा ग्लास पाणी प्यायचं आणि लघवी धरून बसायचं असतं. वय झालेल्या बाईला ते किती जड जातं, हे मी त्या दिवसापर्यंत कधी मनातही आणलं नव्हतं. ताईंनी वेळेत बसणारं, बरोबर तेच केलं होतं. चुकलो होतो मी, दहा मिनिटांनी आणि दहा पावलांनी.

“किती बाजू झाल्या?”

“दोन नक्की. तिसरी चालू होती. ती चालू असतानाच स्क्रीन थांबली. मी घाबरले. मावशी आतून हात हलवत होत्या, त्यांना धरवत नव्हतं. मी मशीन वर घेतलं, टेबल खाली आणलं आणि त्यांना बाथरूमला नेलं. तिसरी पुरी झाली की अर्धी, ते बघितलं नाही सर.”

मशीन तिसऱ्या जागी तसंच राहिलं असतं तर त्याच्या स्वतःच्या आकड्यावरून कळलं असतं. पण पेशंटला खाली उतरवायला ते फिरवावंच लागतं, आणि फिरवून दार उघडलं की तो आकडा पुसला जातो. मी ताईंच्या जागी असतो तर मीही तेच केलं असतं. कदाचित त्यांच्याइतक्या चटकन केलं नसतं.

डॉक्टर आले. उंच, घाईत असणारे, चुकत नाहीत आणि चुकलेलं खपवूनही घेत नाहीत असे. त्यांनी सगळं उभ्या उभ्या ऐकलं आणि नव्या डब्याच्या स्क्रीनकडे बोट केलं. “हे काय आहे?”

“नक्कल. पूर्ण झालेली.”

“शून्य दिसतंय. म्हणजे सगळं इथं आलंय?”

“इथल्या स्क्रीनप्रमाणे आलंय.”

“मग हे सुरू करा. नांदेडची वाट कशाला बघायची? नोंदीत काय आहे ते बघू, त्याप्रमाणे पुढं करू. बाहेर पंधरा पेशंट आहेत.”

मला ते पटत होतं, हे कबूल करतो. समोर नवा कोरा डबा, हिरवी खूण, शून्य आकडा. एक बटण दाबलं की गोंधळ थांबणार होता. पण लातूरचा डबा ‘सगळं आलं’ म्हणतो ते त्याच्यापर्यंत जेवढं पोचलं त्यावरून म्हणतो. लाइन तुटल्यावर नांदेडला काही उरलं असेल तर ते त्याला कळणार कसं? आणि नक्कल सुरू केली आणि तिच्यात दोनच बाजू निघाल्या, तर मशीन तिसरी बाजू द्यायला तयार होऊन बसणार. ती आधीच दिली गेली असली तर मावशींना एकाच दिवशी एकाच बाजूनं दोनदा शेक बसणार.

“बसला तर काय होईल?” मी विचारलं.

डॉक्टर म्हणाले, “एवढ्यानं माणूस जात नाही. पण त्यांचे वीस-एक शेक झालेत, आतडं आधीच भाजल्यासारखं झालंय. आणि दिलेला शेक काढून घेता येत नाही.”

बाथरूममधून मावशी आल्या होत्या. माझ्या खोलीच्या दाराशीच बाक आहे, त्यावर येऊन बसल्या. बारक्या, काळ्यासावळ्या, नऊवारीचा काचा आवळलेला, मांडीवर कापडी पिशवी. आमचं बोलणं त्यांना स्पष्ट ऐकू येत होतं, कारण आवाज माझा होता. डॉक्टर आणि ताई ‘दोन की तीन’ करत असताना त्या मध्येच म्हणाल्या, “तीन झाले की.”

मी मागं वळलो. कानाला फोन, फोनवर काका, समोर डॉक्टर. “मावशी, जरा गप बसा हो. आमचं चाललंय ना.”

मावशी गप बसल्या.

मी काकांना म्हटलं, “तुमच्या स्क्रीनवर उजवीकडं एक आकडा आहे. उरलेलं म्हणून. तो वाचा.”

“उजवीकडं लई आकडे हायेत.”

“शेवटचा! तळातला!”

“ओरडू नका. एक्स्चेंजात जो ओरडायचा त्याची लाइन मी सगळ्यात शेवटी जोडायचो.” मग त्यांनी वाचलं, “चौसष्ट.”

“पुन्हा वाचा.”

“साहा आन् चार. चौसष्ट.”

इथं शून्य आणि तिथं चौसष्ट. अगदी थोडं, कागदावर दोन-चार ओळी भरतील एवढं. पण काहीतरी नांदेडहून निघालं होतं आणि लातूरला पोचलं नव्हतं, आणि ते नेमकं मी बटण दाबलं त्या क्षणाचं होतं. मला मावशींचं ‘तीन झाले की’ तेव्हा आठवलं. मी वळून पाहिलं. त्या खाली बघत पिशवीच्या बंदाची गाठ सोडत आणि बांधत होत्या.

“मावशी, मघाशी काय म्हणालात?”

“काय न्हाई बाबा. चालू द्या तुमचं.”

“तीन म्हणालात. कशावरून?”

त्यांनी डॉक्टरांकडे पाहिलं, परवानगी मागितल्यासारखं. मग म्हणाल्या, “ते मशीन गुणगुणतंय न्हवं. मी मोजत असते. लाभ, दोन, तीन, चार. चार झाले की ताई आत येते. आज लाभ झालं, दोन झालं, तीन बी पुरं झालं, मग गप झालं. चवथं झालंच न्हाई.”

खळ्यावर धान्य मोजताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. बाकीची मापं दोन, तीन अशी. मावशी मशीनचं गुणगुणणं तसं मोजत होत्या, पहिल्या दिवसापासून. ताईंनी मान हलवली आणि म्हणाल्या की किरणं देणं मशीन स्वतःच सांभाळतं, स्क्रीन गोठली तरी सुरू झालेली बाजू पुरी होऊ शकते, आणि सर्व्हर पुरता थांबायच्या आत तिची नोंद तिथं पोचलेली असू शकते. डॉक्टर म्हणाले, “शक्य आहे. पण पेशंटच्या मोजणीवर मी शेक देऊ शकत नाही. मला लिहिलेलं पाहिजे.”

लिहिलेलं होतं, तर ते नांदेडला होतं. थांबलेल्या मशीनच्या पोटात, टकटकणाऱ्या डिस्कवर.

“काका, बॅटरी किती?”

“बावीस मिनिटं दाखवतीय.”

बावीस मिनिटांनी जुना डबा बंद पडला असता, आणि जे अजून डिस्कवर उतरलं नव्हतं ते गेलं असतं. त्याच्या आत लाइन उभी करायची, जुन्या मशीनला पुन्हा जागं करायचं, उरलेलं इकडे आणायचं आणि मग सगळी देवाणघेवाण नव्यानं करायची. त्यात एक अट होती. जुनं जागं करायचं तर नवं शंभर टक्के बंद असायला हवं, नाहीतर दोघंही तीच डिस्क धरतील. लाइनच्या पलीकडून ते कुणालाच दिसत नाही. ते मलाच, इथं उभं राहून, करायचं होतं.

मी नव्या डब्याचं बटण दाबून धरलं. हिरवी खूण गेली, पंखे थांबले. डॉक्टर म्हणाले, “हे काय करताय तुम्ही? चालू असलेलं एकच होतं ते.”

“ते चालू नव्हतं साहेब. चालू असल्यासारखं दिसत होतं.” मी मागची वायरसुद्धा काढून हातात धरली. मग फोनवर म्हटलं, “काका, इथं बंद आहे. दोनदा बघितलं. वायर माझ्या हातात आहे.”

“हौ. आता लाइनीचं बघतो,” काका म्हणाले आणि फोन चालूच ठेवून निघाले.

नांदेडच्या वॉर्डला जनरेटर होता, पण त्याचा सॉकेट कॉरिडॉरच्या पार टोकाला. मला फोनवर काकांची चप्पल ऐकू येत होती, कपाट उघडल्याचं, काहीतरी पडल्याचं. गणपतीच्या लायटिंगची लांब वायर स्टोअरमध्ये असते, ती त्यांनी ओढली होती. ती पुरेना. मग कुणाला तरी म्हणाले, “बाई, तेवढी टेबलफॅनची वायर द्या, लगेच आणून देतो.” मी ‘लवकर करा’ म्हणायला तीनदा तोंड उघडलं आणि तीनदा मिटलं. एवढा वेळ गप राहिलेलं मला आठवत नाही. ताई स्टुलावर बसून हाताची नखं बघत होत्या. डॉक्टर गेले नाहीत, दारात उभेच राहिले.

“बॅटरी?” शेवटी मी विचारलं.

“नऊ,” काका म्हणाले. मग, “लाइनचा डबा जळला. म्हंजे दिवा जळला. हिरवा.”

माझ्या लॅपटॉपच्या स्क्रीनवर नांदेड दिसायला लागलं. मी जुन्या मशीनला जागं केलं. ते लगेच जागं झालं नाही. काका म्हणाले डिस्क खरवडल्यासारखी वाजतीय. मी देवाचं नाव घेणारा माणूस नाही, पण माहूरच्या देवीला मनातल्या मनात काहीतरी बोललो, आणि ते अजून फेडायचं आहे. मग मशीननं श्वास घेतला आणि नोंदींचं पान उघडलं.

जळकोटच्या मावशींचं नाव होतं. पहिली बाजू, पूर्ण. दुसरी बाजू, पूर्ण. तिसरी बाजू, पूर्ण. चौथी, बाकी.

ताई तोंडावर पदर धरून रडल्या, आवाज न करता. डॉक्टरांनी ते पान नीट वाचलं, पुन्हा वाचलं, आणि म्हणाले, “इथलं सुरू केलं असतं तर दोन निघाल्या असत्या.” मी हो म्हटलं.

आता ताई समोरच होत्या. मी त्यांना तोंडानं विचारलं, “मशीनवर कुणी आहे?” त्या म्हणाल्या, कुणी नाही. तरी मी उठून दहा पावलं जाऊन लाल दिवा बघून आलो. मग नव्या डब्याला वायर लावली, उरलेलं आणलं, काकांकडून दोन्ही आकडे वाचून घेतले, इथं शून्य आणि तिथंही शून्य, आणि बटण दाबलं. नांदेडनं सोडलं. एक क्षण कुणाकडेच नव्हतं. लातूरनं धरलं. काकांनी सांगितलं, बॅटरी चार मिनिटं. मी म्हटलं, आता बंद पडू दे.

डॉक्टर जाता जाता ताईंना म्हणाले, “पेशंट टेबलावर असताना सर्व्हरवाल्यांना सांगायचं असतं, एवढं तरी कळायला हवं.” ताईंनी माझ्याकडे बघितलंही नाही. मी म्हटलं, “साहेब, मीच फोन करू नका म्हणालो होतो. आणि दहा मिनिटं आधी सुरू केलं.” पण ज्या आवाजाला नांदेडपर्यंत जायला फोन लागत नाही, तो आवाज तेव्हा कॉरिडॉरच्या टोकापर्यंतही गेला नाही. डॉक्टर वळून गेले होते. संध्याकाळी मी लेखी अहवालात ते पहिल्या ओळीत लिहिलं. ताईंनी वाचलं आणि म्हणाल्या, “एवढं कशाला सर.” मी ते तसंच ठेवलं.

मावशींची चौथी बाजू राहिली होती, आणि त्यासाठी पुन्हा मूत्राशय भरायला हवं होतं. पुन्हा पाच-सहा ग्लास पाणी, पुन्हा तासभर. त्यांची तीनची जळकोट गाडी गेली. मी जारमधून पाणी आणून देत होतो आणि त्या ग्लासमागून ग्लास पीत होत्या, औषध घेतल्यासारखं तोंड करून. तिसऱ्या ग्लासाला म्हणाल्या, “आमच्याकडं उन्हाळ्यात एवढं पाणी घरात चौघांना देतेत.” मी हसलो. त्या हसल्या नाहीत, त्या खरंच सांगत होत्या.

चारच्या पुढे त्या आत गेल्या. मी ताईंच्या शेजारी उभा राहिलो. लाल दिवा लागला, मशीन गुणगुणलं, थांबलं, आणि नव्या डब्यात नोंद उतरली. बाहेर आल्यावर मावशी ताईंना म्हणाल्या, “चार झाले.” मग पिशवी काखेत मारून निघाल्या.

मी त्यांना गाडीनं बसस्टँडवर सोडलं. जळकोटची पुढची गाडी लागलेली होती. खिडकीशी जागा धरून दिली, खाली उभा राहिलो आणि जे दुपारपासून विचारायचं राहिलं होतं ते विचारलं. म्हटलं, “मावशी, तुम्ही बरोबर होतात. तीनच निघाले. तुम्ही पुन्हा जोरात का नाही सांगितलं? आम्ही चुकीचा शेक दिला असता म्हणजे?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता. दुपारी ताईंनी जसं सांगितलं होतं तसंच, विचारलं म्हणून त्यांनी सांगितलं.

“तुमी गप बसा म्हणलात,” मावशी म्हणाल्या. “म्हणून बसले.”